समानतेचा कायदा आणि मजहबी आझादी : कॅथलिक चर्चपुढचा मसला

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने एका कॅथलिक संस्थेकडे मुले सोपवणे बंद केले. 'कॅथलिक सोशल सर्व्हिसेस' असे तिचे नाव. ज्या मुलांना आई-वडिलांच्या घरी ठेवणे धोक्याचे ठरते, त्यांना काही महिने किंवा काही वर्षे सांभाळणारी कुटुंबे शोधायची, त्या घरांची पाहणी करायची आणि कुटुंब योग्य असल्याचा दाखला द्यायचा, हे तिचे काम. या शहरात कॅथलिकांनी अनाथ मुलांसाठी काम सुरू केले ते १७९८ साली, पीतज्वराच्या साथीनंतर. इतक्या जुन्या कामात वाद निघाला तो त्या दाखल्यावरून. संस्थेचे म्हणणे असे की, जोडप्याला दाखला देणे म्हणजे त्यांच्या नात्याला मान्यता देणे. आमच्या धर्मात विवाह स्त्री-पुरुषांचाच होतो, म्हणून समलिंगी जोडप्याला हा दाखला आम्ही देऊ शकत नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही संस्था तो देत नव्हती. शहराचे म्हणणे असे की, आमचा करार आणि आमचा कायदा दोन्ही भेदभावाला मनाई करतात. दाखला देणार नसाल तर करारही नाही.

गंमत अशी की एकही समलिंगी जोडपे या संस्थेच्या दारात कधी आलेच नव्हते. आले असते तर शहरातल्या वीसहून अधिक इतर संस्थांपैकी कुणाकडेही पाठवले असते, असे संस्था सांगत होती. त्याच काळात शहर मुलांसाठी नवी तीनशे कुटुंबे हवीत म्हणून आवाहन करत होते. आता दुसरी बाजूही पाहा. आपल्याच करातून चालणाऱ्या कामासाठी एखादे जोडपे दारात उभे राहिले आणि 'तुम्हाला नाही, शेजारी विचारा' असे ऐकून परतले, तर त्यांना काय वाटेल? हे वाक्य घर भाड्याने शोधताना आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. म्हणून हा मसला फक्त ख्रिस्ती लोकांचा किंवा फक्त अमेरिकेचा आहे असे समजून पुढे जाता येत नाही. एका हाताने आपण भेदभावाविरुद्ध कायदा मागतो, दुसऱ्या हाताने आपल्या मजहबप्रमाणे जगण्याची आझादी मागतो. या दोन मागण्या एकमेकींना भिडतात तेव्हा काय होते, याचा सर्वांत जास्त विचार गेल्या साठ वर्षांत कॅथलिक चर्चने केला आहे. काही वेळा चांगला, काही वेळा अडखळत.

चर्चची जुनी भूमिका आणि १९६५ चे वळण

एकोणिसाव्या शतकात पोप धर्मस्वातंत्र्याच्या बाजूचे मुळीच नव्हते. १८३२ मध्ये सोळावे ग्रेगरी आणि १८६४ मध्ये नववे पायस यांनी, प्रत्येकाला हवा तो धर्म पाळण्याचा हक्क राज्याने द्यावा, या विचाराला चुकीचे ठरवले होते. त्यामागचा तर्क साधा होता : सत्य एकच, मग असत्याला हक्क कसा? जिथे कॅथलिक बहुसंख्य असतील तिथे राज्याने कॅथलिक धर्माला आधार द्यावा आणि जिथे अल्पसंख्य असतील तिथे मात्र सर्वांना सूट असावी, असा त्याचा व्यवहारात अर्थ निघे. टीका करणारे म्हणत, हा तर दुटप्पीपणा झाला. (असा तर्क आपल्याकडेही अधूनमधून ऐकू येतो, वाचकांनी आपापल्या ओळखीतले चेहरे आठवावेत.)

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा तर्क उलटवला. ७ डिसेंबर १९६५ रोजी जगभरच्या बिशपांनी 'डिग्निटाटिस ह्युमाने' हा जाहीरनामा २,३०८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केला आणि सहावे पोप पॉल यांनी तो जारी केला. नावाचा अर्थ 'मानवी प्रतिष्ठेविषयी'. त्याच्या मसुद्यावर जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेझुइट धर्मगुरूंची मोठी छाप आहे. काही वर्षांपूर्वी याच विषयावर लिहू नका असे त्यांना वरिष्ठांनी सांगितले होते, हे विशेष.

जाहीरनाम्याने प्रश्नच बदलला. हक्क सत्याला की असत्याला, हा प्रश्न बाजूला पडला. हक्क असतो तो माणसाला. कुणालाही त्याच्या जमीरविरुद्ध, म्हणजे सद्सद्विवेकाविरुद्ध, वागायला भाग पाडू नये आणि जमीरप्रमाणे वागण्यापासून रोखूही नये. एकट्याने असो की समूहाने, घरात असो की चारचौघांत. त्याला मर्यादा एकच : न्याय्य सार्वजनिक सुव्यवस्था. त्यात इतरांचे हक्क, शांतता आणि सार्वजनिक नीती आली. आपल्या राज्यघटनेच्या कलम २५ ची सुरुवात ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल. सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून धर्मस्वातंत्र्य, हीच तिथली मांडणी आहे.

हाच दस्तऐवज पुढे असेही सांगतो की कायद्यापुढची नागरिकांची समानता धर्माच्या कारणाने कधीही मोडता कामा नये आणि सरकारने नागरिकांत भेद करू नये. त्याच परिषदेच्या 'गाउडियम एत स्पेस' या दस्तऐवजात लिंग, वंश, वर्ण, सामाजिक स्थिती, भाषा आणि धर्म यांवरून होणारा भेदभाव ईश्वराच्या इच्छेविरुद्ध म्हटला आहे. ज्यात मुसलमानांचा आदराने उल्लेख आहे तो 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामाही ऑक्टोबर १९६५ चाच, आणि त्याच्या शेवटीही भेदभावाचा निषेध आहे. म्हणजे चर्चच्या दृष्टीने समानता आणि धर्मस्वातंत्र्य ही एकाच आईची दोन मुले, आणि आई म्हणजे मानवी प्रतिष्ठा. दोन भावंडांचे भांडण लागले की आई कुणाची बाजू घेते, एवढाच प्रश्न उरतो.

'अन्याय्य' या शब्दावर सगळे अडते

१९९२ मध्ये निघालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात चर्चने आपली शिकवण एकत्र मांडली. समलिंगी संबंधांना हा ग्रंथ पाप मानतो; या बाबतीत इस्लामची शिकवणही जवळपास तीच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण तोच ग्रंथ सांगतो की अशा व्यक्तींशी आदराने आणि करुणेने वागावे आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभावाची कोणतीही खूण टाळावी.

'भेदभाव टाळा' असे म्हटले नाही. 'अन्याय्य भेदभाव टाळा' असे म्हटले. म्हणजे काही भेद न्याय्यही असतात. शाळेत आपण आंधळ्या मुलाला परीक्षेत लेखनिक देतो, इतरांना देत नाही. हा भेद आहे पण अन्याय नाही. मशिदीला इमाम हवा असेल तर तो मुसलमानच हवा, हाही भेदच. इथपर्यंत कुणाची तक्रार नाही. अडचण पुढे येते : मशिदीच्या ट्रस्टच्या दवाखान्यातला डॉक्टर? शाळेतला गणिताचा शिक्षक? कार्यालयाचा वॉचमन? रेघ कुठे ओढायची आणि ती कुणी ओढायची, धर्माने की कोर्टाने?

त्याच वर्षी, १९९२ मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धान्त विभागाने अमेरिकन बिशपांसाठी एक टिपण पाठवले. विभागाचे प्रमुख होते कार्डिनल रात्झिंगर, पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे. मूल दत्तक देणे, शिक्षक आणि खेळाचे प्रशिक्षक नेमणे, सैन्यभरती अशा ठिकाणी लैंगिक कल विचारात घेणे हा अन्याय्य भेदभाव ठरत नाही, असे त्या टिपणाने म्हटले. तेव्हाही अनेक कॅथलिकांना हे खटकले. माझे मत विचाराल तर दत्तकाचा मुद्दा विवाहाच्या शिकवणीशी थेट जोडलेला आहे, तो समजतो. पण खेळाच्या प्रशिक्षकाचा त्या शिकवणीशी संबंध काय, ते टिपण वाचून पटत नाही. यादी लांबत गेली की 'न्याय्य भेद' या कल्पनेचे वजन कमी होते.

पुढे पोप फ्रान्सिस यांनी सूर बदलला. शिकवण त्यांनी बदलली नाही. जानेवारी २०२३ मध्ये एका मुलाखतीत त्यांनी समलैंगिकतेला गुन्हा ठरवणारे कायदे अन्यायाचे आहेत असे सांगितले. त्याआधी २०१५ मध्ये अमेरिकेहून परतताना विमानात त्यांनी हेही सांगितले होते की जमीरच्या आधारे नकार देणे हा मानवी हक्क आहे, अगदी सरकारी अधिकाऱ्यालाही. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत, आणि त्यांत विरोध आहे असे त्यांना वाटत नव्हते.

चर्च समानतेच्या बाजूला उभे राहिले तेव्हा

हा सगळा वाद फक्त लैंगिकतेचा आहे असा समज होऊ नये. न्यू ऑर्लिन्सचे आर्चबिशप जोसेफ रमेल यांनी १९५६ मध्ये वंशभेद नैतिकदृष्ट्या चूक आणि पाप आहे असे धर्मपत्र काढले आणि १९६२ मध्ये कॅथलिक शाळा काळ्या मुलांना खुल्या केल्या. विरोध करणारे गोरे लोक कॅथलिकच होते आणि बायबलचे दाखले देत होते. रमेल यांनी त्यांच्यातल्या तिघांना थेट चर्चमधून बहिष्कृत केले. श्रद्धेच्या नावाने मागितलेली प्रत्येक सूट खरी नसते, हे इथे चर्चनेच दाखवून दिले. वीस वर्षांनी, १९८३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉब जोन्स या प्रोटेस्टंट विद्यापीठाबाबत हेच म्हटले : वेगवेगळ्या वंशांच्या विद्यार्थ्यांनी प्रेमसंबंध ठेवू नयेत हा नियम धर्मातून आलेला असला तरी त्यासाठी करसवलत मिळणार नाही.

उत्तर आयर्लंडमध्ये तर कॅथलिक स्वतः भेदभावाचे शिकार होते. बेलफास्टच्या जहाजगोदीत आणि इतर चांगल्या नोकऱ्यांत प्रोटेस्टंटांची भरती आणि कॅथलिकांना दरवाजा बंद, हे वर्षानुवर्षे चालले. नाव आणि शाळेचे नाव पाहिले की अर्जदाराचा धर्म कळायचा. (आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही.) तिथे १९७६ आणि १९८९ मध्ये नोकरीतल्या धार्मिक भेदभावाविरुद्ध कायदे झाले, दुसऱ्या कायद्याने तर मोठ्या मालकांना कोणत्या समाजाचे किती कामगार आहेत याची नोंद ठेवणे सक्तीचे केले. कॅथलिकांना या कायद्यांचा फायदा झाला. पण त्यातून एक पेशा वगळलेला होता, तो म्हणजे शाळेतील शिक्षक. कॅथलिक शाळेला कॅथलिक शिक्षक निवडता यावा, म्हणून ही सूट. ती तब्बल चार दशकांहून जास्त टिकली आणि २०२२ च्या कायद्याने गेली. ज्या समाजाला कायद्याने नोकरी मिळवून दिली, त्याच समाजाच्या शाळांना त्या कायद्यातून सूट होती, हे एका बी.एड. झालेल्या माणसाला जरा जास्तच जाणवते.

अनाथ मुले कुणाची?

बॉस्टनमध्ये 'कॅथलिक चॅरिटीज' शंभरहून अधिक वर्षे मुले दत्तक देत होती. मॅसाच्युसेट्स राज्याच्या नियमांनुसार लैंगिक कलावरून भेद करता येत नसे, म्हणून संस्थेने सुमारे वीस वर्षांत १३ मुले समलिंगी पालकांकडे दिलीही होती. त्यांतली बरीच मुले अशी होती की ज्यांना घर मिळणे कठीण होते. २००५ मध्ये ही बातमी छापून आली. संस्थेच्या ४२ जणांच्या संचालक मंडळाने काम असेच चालू ठेवावे असा एकमताने ठराव केला. राज्यातल्या चार बिशपांनी मात्र ते चालणार नाही असे सांगितले. सूट मागितली, ती मिळाली नाही. मार्च २००६ मध्ये संस्थेने दत्तकाचे काम सोडून दिले आणि काही संचालकांनी राजीनामे दिले. राज्याने संस्थेला बंद केले नाही, संस्था स्वतः बाहेर पडली, असे एक बाजू म्हणते. अशी अट घालणे म्हणजेच बंद करणे, असे दुसरी बाजू म्हणते. मला दोन्हीत थोडे-थोडे खरे दिसते.

इंग्लंडमध्ये २००७ च्या नियमांनी तोच पेच आणला. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने दत्तक संस्थांना २००८ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. काही कॅथलिक संस्थांनी चर्चशी नाते तोडून काम चालू ठेवले, काहींनी काम थांबवले. लीड्सची 'कॅथलिक केअर' मात्र २०१२ पर्यंत लढली आणि हरली. १ फेब्रुवारी २०१० रोजी पोप बेनेडिक्ट यांनी इंग्लंडच्या बिशपांपुढे तक्रार केली की समानतेसाठी केलेल्या काही कायद्यांमुळे धार्मिक समाजांना आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्यावर अन्याय्य बंधने आली आहेत. इथेही शब्द 'अन्याय्य'च, फक्त बाजू बदललेली.

आता फिलाडेल्फियाकडे परत येऊ. १७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'फुल्टन विरुद्ध फिलाडेल्फिया' या खटल्यात ९-० असा निकाल संस्थेच्या बाजूने दिला. उदारमतवादी न्यायमूर्तीही त्यात होते, ते कसे? त्यासाठी १९९० चा 'स्मिथ' निकाल माहीत हवा. 'नेटिव्ह अमेरिकन चर्च'च्या दोघा सदस्यांनी धार्मिक विधीत पेयोट ही नशेची वनस्पती घेतली, नोकरी गेली, बेकारभत्ताही नाकारला. तेव्हा न्यायालय म्हणाले : कायदा सगळ्यांना सारखा लागू असेल तर धर्मासाठी त्यातून सूट देणे राज्यावर बंधनकारक नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हे निष्ठावान कॅथलिक होते. फिलाडेल्फियाच्या करारात मात्र एक वाक्य होते की आयुक्त आपल्या मर्जीने सूट देऊ शकतात. न्यायालयाने तेवढेच पकडले. सूट देण्याची सोय ठेवली आहे, मग कायदा सगळ्यांना सारखा कुठे राहिला? आणि सूट देता येते तर धर्माला नाकारण्याचे सबळ कारण सांगा. शहराला ते सांगता आले नाही.

म्हणजे मोठा प्रश्न सुटलाच नाही. करारातून ते वाक्य काढून टाकले असते तर काय झाले असते, यावर न्यायमूर्तींचे एकमत नव्हते.

या तर्काची मुळे दाढीत आहेत

'एकाला सूट देता, मग धर्माला का नाही' हा युक्तिवाद अमेरिकेत ज्या जुन्या निकालाने रुजवला, तो मुसलमान पोलिसांचा आहे. न्यूअर्क शहराच्या पोलीस खात्यात दाढीला मनाई होती, पण त्वचेचा आजार असणाऱ्याला सूट होती. दोन सुन्नी पोलिसांनी धर्मासाठी दाढी ठेवली तेव्हा कारवाईची वेळ आली. १९९९ मध्ये अपील न्यायालयाने पोलिसांच्या बाजूने निकाल दिला : आजारासाठी दाढी चालते आणि अकीद्यासाठी चालत नाही, याचा अर्थ खाते धर्माला आजारापेक्षा हलके मानते. तो निकाल लिहिणारे न्यायाधीश सॅम्युएल अलिटो पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ मध्ये एका मुसलमान कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवू देण्याचा एकमताचा निकालही त्यांनीच लिहिला. त्या कैद्याच्या वकिलांत जी 'बेकेट' ही संस्था होती, तीच फिलाडेल्फियाच्या कॅथलिक संस्थेसाठी लढली.

त्याच २०१५ मध्ये आणखी एक निकाल आला. ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात हिजाब घालून मुलाखतीला गेलेल्या मुस्लिम तरुणीला 'ॲबरक्रॉम्बी' या कपड्यांच्या कंपनीने नोकरी नाकारली होती. ती ८-१ ने जिंकली. पण ती कोणत्या कायद्याने जिंकली? १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने, म्हणजे भेदभावविरोधी कायद्याने. दाढी वाचवली धर्मस्वातंत्र्याने, हिजाबवाल्या मुलीला इन्साफ दिला समानतेच्या कायद्याने. यांतला एक कायदा दुसऱ्याला गिळून टाकील अशी इच्छा आपल्याला परवडणारी नाही, हे अमेरिकेतल्या मुस्लिम संघटना चांगले ओळखून आहेत.

जून २०२५ चा विस्कॉन्सिनचा निकाल तर जकात आणि सदक्यावर चालणाऱ्या आपल्या संस्थांनी वाचण्यासारखा आहे. तिथल्या 'कॅथलिक चॅरिटीज ब्युरो'ला बेकारी विम्याच्या करातून धार्मिक संस्थांची सूट नाकारण्यात आली. कारण काय, तर ती संस्था सगळ्या धर्मांच्या गरजूंना मदत करते आणि मदत करताना धर्मप्रचार करत नाही, म्हणून तिचे काम 'धार्मिक' नाही! सर्वोच्च न्यायालयाने ९-० ने हे रद्द केले. प्रचार करणाऱ्या पंथाला सूट आणि न करणाऱ्याला नाही, हा धर्माधर्मांतला भेदभाव आहे, असे न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी लिहिले. इथे धर्मस्वातंत्र्य आणि समानता एकाच वाक्यात बसली.

सुटीची किंमत कोण मोजतो

सूट मिळते तेव्हा कुणीतरी तिची किंमत देते, हे विसरता येत नाही. ८ जुलै २०२० च्या निकालातले दोन खटले कॅलिफोर्नियातल्या कॅथलिक प्राथमिक शाळांचे होते. एका शिक्षिकेचे म्हणणे, वय झाले म्हणून काढले. दुसरीचे म्हणणे, स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारासाठी रजा लागेल असे सांगितल्यावर करार वाढवला नाही. शाळांनी कामात कमतरता असल्याचे सांगितले. खरे काय, ते तपासलेच गेले नाही. या शिक्षिका इतर विषयांबरोबर धर्मही शिकवत होत्या, म्हणजे श्रद्धा पुढच्या पिढीला देणाऱ्या होत्या. अशांची नेमणूक आणि बडतर्फी यांत कोर्टाने पडू नये, असे ७-२ ने ठरले. दुसरी शिक्षिका निकालाआधीच वारली होती.

धार्मिक पदावरची व्यक्ती समाजाने निवडावी, सरकारने नव्हे, हा उसूल मला मान्य आहे. पण वय आणि कर्करोग यांचा कोणत्या शिकवणीशी संबंध आहे? कॅथलिक सामाजिक शिकवण तर १८९१ पासून, तेरावे पोप लिओ यांच्या पत्रापासून, कामगाराच्या हक्कांची बाजू घेत आली आहे. श्रद्धेसाठी दिलेली ढाल श्रद्धेशी संबंध नसलेल्या गोष्टीसाठी वापरली गेली, तर ती त्या शिकवणीलाच लागते.

जर्मनीत गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे चर्चची हजारो रुग्णालये, शाळा आणि बालवाड्या आहेत आणि त्यांचा बराच खर्च सार्वजनिक पैशांतून होतो. ड्युसेलडॉर्फच्या कॅथलिक रुग्णालयातल्या एका प्रमुख डॉक्टरांनी घटस्फोटानंतर दुसरे लग्न केले, म्हणून त्यांना काढले. पण तिथेच असे करणाऱ्या प्रोटेस्टंट डॉक्टरला काढत नसत. युरोपीय न्यायालयाने ११ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले की ही अट त्या कामासाठी खरोखर आवश्यक आहे का, हे कोर्टाने तपासले पाहिजे. पुढच्या वर्षी जर्मन न्यायालयात डॉक्टर जिंकले. जानेवारी २०२२ मध्ये चर्चमध्ये काम करणाऱ्या सव्वाशे जणांनी आपण समलिंगी वगैरे असल्याचे जाहीर सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जर्मन बिशपांनी नोकरीचे नियम बदलले : खासगी आयुष्य आणि नातेसंबंध हे कामावरून काढण्याचे कारण राहणार नाही. रेघ कुणी ओढली, कोर्टाने की चर्चने? दोघांनी मिळून.

भारतात या प्रश्नाचा चेहरा वेगळा

आपल्याकडे खासगी नोकरी आणि भाड्याच्या घरासाठी धर्मावरून भेदभाव रोखणारा असा सर्वसमावेशक कायदाच नाही. इथला वाद कलम ३० भोवती फिरतो, म्हणजे अल्पसंख्याकांनी आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क. त्यावरचा एक मोठा निकाल कॅथलिक संस्थेनेच मिळवला : १९७४ चा, अहमदाबादच्या जेझुइटांच्या सेंट झेविअर्स कॉलेजचा, नऊ न्यायमूर्तींचा. आज आपल्या उर्दू शाळा आणि अंजुमनच्या संस्था ज्या संरक्षणाखाली उभ्या आहेत, त्यात त्या निकालाचा वाटा आहे. पुढे २००५ च्या घटनादुरुस्तीने आलेल्या आरक्षणातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या गेल्या आणि २०१४ च्या 'प्रमती' निकालाने शिक्षण हक्क कायद्यातूनही. म्हणजे गरीब-वंचित मुलांच्या २५ टक्के जागांची अट आपल्या शाळांना नाही. ही सूट आपल्या मुलांसाठी आहे की आपल्याच समाजातल्या पैसेवाल्यांसाठी, असा सवाल काही पालक विचारतात आणि तो रास्त आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या एका मुस्लिम ट्रस्टच्या खटल्यात, शिक्षक पात्रता परीक्षेच्या निमित्ताने, दोन न्यायमूर्तींनी 'प्रमती'वरच शंका घेतली आणि अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे सुचवले. शिक्षकांच्या खोलीत तेव्हापासून चर्चा टीईटीचीच चालते. कलम ३० ची फारशी नाही.

दुसरा प्रश्न दलित ख्रिश्चनांचा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिश्चन आणि दलित मुसलमान अजूनही बाहेर आहेत. जातीचा अन्याय सोसायचा पण धर्म बदलला म्हणून संरक्षण मिळणार नाही, म्हणजे भेदभाव रोखण्यासाठीच्या तरतुदीतच धर्मावरून भेद. भारतातले कॅथलिक बिशप हेच वर्षानुवर्षे सांगत आले आहेत.

पण याच चर्चमध्ये तामिळनाडूत काही ठिकाणी दलितांच्या कबरी वेगळ्या आणि मध्ये भिंत, हेही खरे. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलितांबाबतचे धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे उघडपणे मान्य केले. ऑगस्ट २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. आपल्याकडे बिरादऱ्यांच्या नावाने चालणाऱ्या गोष्टींवर असा लेखी कबुलीनामा कोणत्या जमातीने काढल्याचे माझ्या वाचनात नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. इतर धर्मांत गेलेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, हे त्याने तपासायचे आहे. आयोगाला मुदतवाढ मिळत गेली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयातल्या याचिका २००४ पासूनच्या आहेत.